चाकं नवी, दिव्याचा हिशोब जुनाच

गाडीला नवी अलॉय चाकं आणि जरा रुंद टायर बसवले, की थोड्याच दिवसांत अनेकांच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दिसू लागतो. खालून दबलेल्या टायरचा छेद आणि मधोमध उद्गारचिन्ह. विचारायला गेलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. "सेन्सरचं काहीतरी असेल, लक्ष देऊ नका" हे एक आणि "हवा कमी असेल, भरून टाका" हे दुसरं. कधी कधी दोन्ही चूक निघतात. त्याहून वाईट प्रकार उलटा आहे: दिवा लागायला हवा असतो आणि तो लागतच नाही.

चाक, टायर आणि हवा यांचा मिळून एक हिशोब असतो. कारखान्याने तो एका ठरावीक मापासाठी करून गाडीत भरून ठेवलेला असतो. आपण माप बदलतो आणि ते गाडीच्या कानावर घालायचं राहून जातं.

## टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूला २०५/५५ आर१६ ९१व्ही असं काहीसं छापलेलं असतं. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ ही मात्र टक्केवारी आहे. रिमच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत रबराची जी भिंत दिसते, तिला साइडवॉल म्हणतात. तिची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. शेवटच्या ९१व्हीकडे नंतर येऊ.

१६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळवली की चाकाची एकूण उंची ६३२ मिलिमीटर भरते. १७ इंची रिम घ्यायची असेल तर २२५/४५ आर१७ हे माप ६३४ वर जातं. फरक नगण्य. रिम मोठी झाली, साइडवॉल तेवढीच कमी झाली, एकूण उंची जवळपास तीच राहिली. रिम मोठी करण्याचा सरळ मार्ग हाच.

पण कोणी "रस्ते खराब आहेत, साइडवॉल जाड असू दे" म्हणून २२५/५५ आर१७ बसवला, तर उंची ६७९ होते, साडेसात टक्के जास्त. आता प्रत्येक फेऱ्यात गाडी तेवढी पुढे जाते, आणि वेगाचा काटा मात्र फेरेच मोजत असतो. तो १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ च्या पुढे असते. काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये, असं संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन-नियम सांगतो. कारखान्यातून आलेला काटा म्हणूनच मुळात थोडा पुढे धावतो. दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक त्यात खपून जातो. साडेसात खपत नाही.

## चाक बसलं म्हणजे जुळलं असं नाही

दुकानात नवं चाक बोल्टांवर चढलं, नट आवळले गेले, की काम झालं असं वाटतं. खरी गफलत इथेच होते.

पहिली गोष्ट पीसीडी. चाकाची भोकं ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात, त्याचा हा व्यास. ५×११४.३ म्हणजे पाच भोकं आणि ११४.३ मिलिमीटरचं वर्तुळ. याला अगदी खेटून ५×११२ हे माप आहे, तेही सर्रास वापरात असलेलं. दोन्हींत प्रत्येक भोकाशी फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. त्यामुळे एकाचं चाक दुसऱ्यावर जोर लावून चढूही शकतं. नट आवळला जातो, पण तो भोकात सरळ न बसता एका कडेवर टेकतो आणि बोल्टाला बाजूला ओढतो. पाना हातात असताना सगळं घट्ट लागतं. धावताना तोच नट सैल होत जातो किंवा बोल्ट थकून तुटतो.

दुसरी गोष्ट मधलं मोठं भोक, म्हणजे सेंटर बोअर. गाडीच्या हबचा उंचवटा त्यात नेमका बसला पाहिजे. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून हे भोक मोठं ठेवलेलं असतं. ७३.१ मिलिमीटर हे बरंच रुळलेलं माप, आणि गाडीचा हब असतो कधी ६०.१, कधी ५४.१. मधली फट भरायला हब-रिंग नावाची कडी घालतात. ती गाळली की चाक केसभर आडबाजूला बसतं. मग दर आठवड्याला बॅलन्सिंग केलं तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहतं, आणि दोष मात्र टायरला दिला जातो.

नटाचं तोंडही पाहायला हवं. काही चाकांना शंकूसारखं तोंड लागतं, काहींना गोल, काहींना सपाट. गाडीसोबत आलेले गोल तोंडाचे नट शंकूच्या भोकात घातले, तर दोघांचा स्पर्श एका बारीक वर्तुळापुरताच होतो. नव्या चाकांसोबत त्यांचेच नट घ्या. आवळताना मशीनच्या घरघरीवर न थांबता शेवटचा आवळ टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, द्यायला सांगा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. लहान-मध्यम गाड्यांना बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासायचा. हे दुसरं तपासणं जवळजवळ कोणीच करत नाही.

## ऑफसेट, म्हणजे चाक आत की बाहेर

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पा. हबला टेकणारी पाठ या रेघेपासून बाहेरच्या अंगाला जितकी दूर, तो ऑफसेट. चाकावर तो ईटी४५, ईटी३५ असा कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं.

मूळ चाक ६.५ इंच रुंद आणि ईटी४५ आहे असं धरा. नवं घेतलं ७.५ इंची, ईटी३५. एक इंचाने रुंद झालं म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२.७ मिलिमीटर वाढलं. वर ऑफसेटमुळे ते १० मिलिमीटर बाहेर सरकलं. आतल्या कडेला वाढ पावणेतीन मिलिमीटरची, बाहेरच्या कडेला जवळपास २३ मिलिमीटरची. उभ्या गाडीत हे ऐटदार दिसतं. मागे तिघं बसली, डिकी भरली आणि गाडी खड्ड्यात आपटली की टायर मडगार्डला घासतो. म्हणून तपासणी रिकाम्या गाडीवर करू नये. माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, गतिरोधकावरून हळू न्या आणि कान द्या.

घासणं निदान ऐकू तरी येतं. बेअरिंगवर वाढलेला ताण, किंवा एका बाजूचं चाक खड्ड्यात असताना ब्रेक लागला की स्टिअरिंगने हाताला दिलेला हिसका, हे चाक विकणारा सांगणार नाही. माझं मत विचाराल तर ऑफसेट मूळ आकड्याच्या पाचेक मिलिमीटरच्या आत ठेवावा. बाहेर काढलेल्या चाकांचा दिमाख फोटोपुरता असतो.

## ९१व्ही म्हणजे काय

९१ हा भार-निर्देशांक आहे, किलो नव्हेत. तक्त्यात ९१ समोर ६१५ किलो असतात, ९४ समोर ६७०. एका टायरने पुरेशा हवेवर पेलायचा हा कमाल भार. 'व्ही' हे वेगाचं अक्षर, ताशी २४० किलोमीटरपर्यंत; 'एच' २१० पर्यंत. ही दोन्ही मूळ टायरपेक्षा खाली येऊ देऊ नयेत. "आपण कुठे २०० ने जातो" हा युक्तिवाद अपुरा आहे, कारण वेगाचं अक्षर हे टायर उष्णता किती सोसतो याचंही माप असतं.

रिमलाही भारक्षमता असते आणि ती मागच्या बाजूला कोरलेली असते. जपानच्या जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या खुणा असल्या तर चाकाची ठरावीक चाचणी झाली आहे असा त्यांचा अर्थ. अर्थात, अस्सल चाकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला खूण कोरणंही अवघड नसतं.

## हवा किती भरायची?

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. टायर म्हणजे ती हवा धरून ठेवणारी पिशवी. पिशवी लहान झाली तर तेवढंच वजन पेलायला आतला दाब वाढवावा लागतो.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर, समजा, २०५/५५ आर१६ साठी ३२ पीएसआय लिहिलं आहे. पीएसआय हे दाब मोजायचं एकक, हवा भरणाऱ्याच्या काट्यावर दिसतं तेच. आता तुम्ही २२५/४० आर१८ बसवला, त्यावर ९२ आणि एक्सएल असं आहे. ९२ म्हणजे ६३० किलो. आकडा तर वाढला, मग ३२ पुरेल असं वाटतं. पुरत नाही. एक्सएल म्हणजे जास्त भारासाठी मजबूत केलेला टायर, आणि त्याची पूर्ण ताकद युरोपीय तक्त्यांनुसार २९० किलोपास्कलला, म्हणजे ४२ पीएसआयला मिळते. साध्या टायरची २५० ला, म्हणजे ३६ पीएसआयला मिळते. ३२ पीएसआयवर जुना टायर सुमारे ५५५ किलो पेलत होता. नव्याने तेवढंच पेलायचं तर त्याला ३६ च्या आसपास हवा लागते. ३२ वरच ठेवला, तर टायर वरून नवाकोरा दिसतो आणि आतून कमी हवेवर धावत असतो.

नवं माप तुमच्या मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी स्वतःच देत असेल, तर त्या गाडीच्या चिकटपट्टीवरचा आकडा घ्यावा. नसेल तर टायर कंपनीचा भार-दाब तक्ता पाहणाऱ्या माणसाकडून काढून घ्यावा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. ती वरची मर्यादा आहे.

हे सगळे आकडे थंड टायरचे, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचे. दर १० अंश सेल्सिअसला दाब साधारण दीड पीएसआय वर-खाली होतो. दुपारच्या ३५ अंशांत ३२ भरलेला टायर पहाटेच्या ५ अंशांत २७.५ च्याही किंचित खाली दिसतो, पंक्चर नसताना. थंडीत सकाळी लागलेला दिवा तासाभरात विझतो तो यामुळेच. विझला म्हणजे हवा पुरेशी झाली असं नाही, टायर गरम झाला इतकंच. आणि गरम टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडायची तर मुळीच नाही.

## हा दिवा आला कुठून?

टायरमधला दाब गाडीनेच ओळखायचा ही सोय १९८६ च्या सुमाराला पोर्शे ९५९ सारख्या महागड्या गाडीत आली. ती सगळ्यांपर्यंत पोचली एका मोठ्या प्रकरणामुळे. अमेरिकेत प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवरच्या फायरस्टोन टायरचा पट्टा धावताना सुटून जीवघेणे अपघात झाले, आणि ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. टायर आणि गाडी अशा दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्या वादात शिफारस केलेली २६ पीएसआय हवा कमी होती का, हाही एक मुद्दा होता. त्याच वर्षी झालेल्या कायद्यातून पुढे दाबाच्या इशाऱ्याची सक्ती आली आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांना ती लागू झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तशीच सक्ती केली. या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात.

ती दोन प्रकारची असते. थेट प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून स्वतःच्या क्रमांकासह रेडिओने गाडीला कळवतो. आतली बॅटरी सीलबंद. पाच ते दहा वर्षांत संपली की अख्खा सेन्सर बदलायचा.

दुसऱ्या प्रकारात टायरमध्ये काहीच नसतं. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचे फेरे मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांच्यावरच भागवलं जातं. बापाचं बोट धरून चालणारं पोर तेवढंच अंतर जायला जास्त पावलं टाकतं; हवा कमी झालेलं चाकही जरासं खुजं होऊन इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं. गाडी तो फरक हेरते. चारही चाकांची हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली, तर तुलनेला मोठं चाकच उरत नाही. नव्या यंत्रणा चाकाची थरथरही ऐकून ही उणीव बरीच भरून काढतात, जुन्या नाही.

## दिवा लागतो, पण केव्हा?

अमेरिकी नियमानुसार दिवा लागणं बंधनकारक आहे ते दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर. युरोपात मर्यादा २० टक्क्यांची. ३२ पीएसआयचे २५ टक्के म्हणजे ८. टायर २५ वर आला तरी दिवा गप्प राहू शकतो. महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक उतरते, म्हणजे कोणी बघितलंच नाही तर काही महिने कमी हवेवर काढून मग इशारा. हा दिवा धोक्याचा आहे, देखभालीचा नव्हे.

आता मघाच्या १८ इंची टायरकडे या. त्याला ३६ हवी आहे, म्हणजे त्याचा धोका २७ ला सुरू होतो. गाडीच्या डोक्यात मात्र जुने ३२ आणि जुने २४. थेट प्रकारात हा आकडा पक्का बसवलेला असेल, तर २७ ते २४ या पट्ट्यात टायर धोक्यात असतो आणि डॅशबोर्ड शांत. काही गाड्यांत मेनूमधून टायरचं माप किंवा भार निवडता येतो, काहींत रिसेट केल्या क्षणाचा दाब आधार धरला जातो, काहींत सर्व्हिस सेंटरचं यंत्र लावून आकडा बदलावा लागतो. चाकं बदलण्याआधीच हे विचारून ठेवावं.

फेरे मोजणाऱ्या प्रकारात कमी उंचीच्या टायरची अडचण वेगळी. त्याची साइडवॉल कडक असते, हवा कमी झाली तरी तो फारसा खुजा होत नाही. मुळात हा फरक एका टक्क्याच्या आतला. तो आणखी आकसला की गाडीला ओळखणं जड जातं. शिवाय ही यंत्रणा शिकवावी लागते: चारही टायर थंड असताना बरोबर हवा भरायची आणि मग रिसेटचं बटण दाबायचं. दिवा त्रास देतो म्हणून आधीच बटण दाबलं, की अर्धवट हवा हीच नेहमीची असं गाडी शिकून बसते.

## जुने सेन्सर नव्या चाकात जातील का?

बऱ्याचदा जातात. व्हॉल्व्हचा कोन आणि रिमच्या आतली जागा जुळायला हवी, नाहीतर सेन्सरचं पोट रिमला टेकतं. जुना सेन्सर नव्या चाकात घालताना त्याची रबरी वॉशर, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपी हा छोटा संच नवा घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिन कधी घालू देऊ नका. निकेलचा मुलामा दिलेलीच घाला. दोन धातू ओलाव्यात गंजून एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी हवा तपासताना व्हॉल्व्हच हातात येतो. टायर उतरवणाऱ्याला आत सेन्सर आहे हे आधी सांगा. मशीनचा दाबा व्हॉल्व्हजवळ लागला की सेन्सरचे दोन तुकडे. पंक्चरवर घालायचं चिकट द्रावणही सेन्सरचं बारीक भोक बुजवू शकतं.

नवे सेन्सर घेतले, तर ते गाडीच्या रेडिओ-लहरींचे हवेत, ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झ, आणि त्यांचे क्रमांक गाडीला कळवावे लागतात. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपणहून शिकतात, काहींना यंत्र लागतं. नाही शिकवले तर गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. अनेक गाड्यांत ही भाषा ठरलेली आहे: लुकलुकून स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड, पहिल्यापासून स्थिर असेल तर हवा कमी. सेन्सर नसलेली स्टेपनी लावल्यावरही तो लुकलुकेल.

## "पण हवा तर डोळ्यांनी दिसते"

रेडियल टायर पुरेशा हवेतही खाली थोडा फुगलेला दिसतो, आणि कमी उंचीचा टायर बराच रिकामा होईपर्यंत ताठ. रनफ्लॅट टायर तर हवा गेल्यावरही उभा राहील असाच बनवलेला असतो. नजरेवर सोडायचं ते फक्त टायरला गेलेले चिरे आणि टेंगळं.

## "मी नायट्रोजन भरलाय"

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन थोडा सावकाश उतरतो, हे खरं. तापमानाने त्याचा दाब मात्र तसाच बदलतो, आणि खिळ्याला दोन्ही सारखेच.

## "त्यापेक्षा दिवाच गप्प करतो"

यावर एक नामी युक्ती प्रचलित आहे: चारही सेन्सर प्लॅस्टिकच्या पाइपात घालायचे, दोन्ही टोकं बंद करून पाइपात हवा भरायची आणि तो डिकीत टाकायचा. दिवा विझतो. गाडी इमानेइतबारे डिकीतल्या पाइपाचा दाब तपासत राहते आणि रस्त्यावरच्या टायरचं काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. कारागिरीला दाद द्यावी, पण एवढ्या खटपटीत सेन्सर चाकातच बसले असते.

## बाहेरून लावायचे सेन्सर

टोपीच्या जागी व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे सेन्सर वेगळे मिळतात. ते आतल्यांइतके नेमके असतीलच असं नाही, कोणी काढून नेऊ शकतं, आणि रबरी व्हॉल्व्हवर त्यांचं वजन वेगात ताण आणतं. म्हणून ते लावायचे तर आधी धातूचे व्हॉल्व्ह घालावेत आणि लावल्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का पाहावं. मात्र यांतल्या बहुतेकांत इशाऱ्याचा आकडा आपण ठरवू शकतो. ३६ लागणाऱ्या टायरला ३२ वर इशारा लावून ठेवला, तर गाडीचा स्वतःचा दिवा २४ ची वाट पाहत बसलेला असताना तुम्हाला आठ पीएसआय आधी कळतं.